आधी हिस्सा, मग भिंत

"घर कोनाचं हाये, मॅडम?"

उन्हाळी सुट्टीत गावच्या घराची एक भिंत दाखवायला मी गवंडी मिस्त्रींना बोलावलं होतं. वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, छताकडे पाहिलं, पायाशी बसून सळई टोचली आणि उठताना पहिला प्रश्न हाच विचारला. मी पटकन म्हटलं, "आमचंच." ते हसले. "आमचंच म्हंजे कोनाचं? उद्या मी तुळई काढली अन् कोनी येऊन म्हनलं का माही भिंत काहून फोडली, त मी कोनाले दाखवू?"

भाईजान ओसरीवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. उत्तर दोघांकडेही नव्हतं.

मेहकर तालुक्यातलं हे घर आमच्या दादाजाननी बांधलेलं. धाब्याचं, सहा खणांचं. कंबरेइतकं काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढरीच्या मातीच्या दोन फुटांहून रुंद भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर तुराट्या आणि मग मातीचा थर. समोर देवडी, आत अंगण, अंगणात निंब. भिंतीत जागोजागी ताक. वरच्या ताकात जुजदानात ठेवलेला कुरआन शरीफ, खालच्या ताकांत कंदील, सुरमेदानी, दादींची पानाची डबी. आमच्या भागातल्या ज्यांनी असं घर पाहिलं आहे, त्यांना मे महिन्यातल्या दुपारी आत पाऊल टाकताच लागणारा गारवा सांगायला नको.

अब्बा गेल्यानंतर घर बंदच होतं. अम्मी माझ्याकडे आणि भाईजानकडे आलटून पालटून राहतात. चाचा मरहूम, त्यांची मुलं पुण्याला. भाईजानचं म्हणणं होतं की पाडावं आणि दोन खोल्यांचा स्लॅब टाकावा. मला घर वाचवायचं होतं. आमचा वाद इतकाच होता, निदान आम्हाला तसं वाटत होतं. मिस्त्रींनी एका प्रश्नात दाखवून दिलं की पाडायचं असो की वाचवायचं, ते ठरवायचा अधिकार आम्हा दोघांचा नव्हताच.

त्या संध्याकाळी आम्ही कागद काढले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून दादाजानचंच नाव. त्यांच्या इंतकालानंतर कोणी काही बदललं नव्हतं. बरं, नमुना ८ हा मुळात घरपट्टीसाठीचा उतारा. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. शरीअतप्रमाणे माणूस ज्या क्षणी जातो त्याच क्षणी, कफन-दफन, कर्ज आणि वसीयत यांचं भागवून, उरलेलं सारं वारसांचं होतं. कागदावर नाव चढो न चढो.

मग मी वही घेतली. हिशेब पाचवी-सहावीच्या अपूर्णांकासारखा आहे. दादाजानच्या मागे दादी, दोन मुलगे आणि दोन मुली. दादाजानचे आईवडील आधीच गेलेले. मुलं असताना पत्नीचा हिस्सा आठवा. उरलेल्या सात अष्टमांशाचे सहा भाग करायचे, प्रत्येक मुलाला दोन, प्रत्येक मुलीला एक. घराचे ४८ भाग धरले तर दादींचे ६, मुलांचे १४-१४ आणि मुलींचे ७-७. पुढे दादीही गेल्या. त्यांचे ६ भाग त्याच चार मुलांमध्ये २, २, १, १ असे आले. म्हणजे अब्बा आणि चाचांचे १६-१६, दोन्ही फूफींचे ८-८. दोघींचे मिळून १६. घराचा एक तृतीयांश!

हा आकडा लिहिला आणि मी पेन खाली ठेवलं. ज्यांचा घराचा तिसरा भाग होता, त्यांना इतकी वर्षं आम्ही ईदला जोडा देऊन, शिरखुर्मा पाजून निरोप देत होतो आणि स्वतःला फार प्रेमळ समजत होतो. मोठ्या फूफी तर आपला हक न घेताच गेल्या. त्यांची मुलं अकोल्याला. लहान फूफी मलकापूरला, ऐंशीच्या पुढे.

आणि याच हिशेबात एक उत्तर दडलेलं होतं. हे घर पडायला का आलं? माती जुनी झाली म्हणून? छतावर दरवर्षी पावसाळ्याआधी खारी टाकावी लागते. ती कोणी टाकायची? अब्बा म्हणत, चाचाचंही घर आहे, तो निम्मे देईल तर टाकू. चाचा म्हणत, राहतो कोण तिथे? फूफी बोलतच नसत, कारण बोललं की हिशेब निघणार. ज्या घराचा मालक ठरलेला नाही त्या घरावर कोणी पैसा घालत नाही. पाणी मात्र वाट पाहत नाही. ते भिंतीत उतरत राहतं.

ही एकट्या आमच्या गावाची गोष्ट नाही. इटलीतली जुनी शेतघरं जगभर नावाजलेली आहेत. दगडी भिंती, लाकडी तुळया, भाजक्या विटांची जमीन, खाली गुरं आणि वर माणसं. तिथल्या तोस्काना भागात शेती बटईनेच चाले, निम्मं पीक मालकाचं आणि निम्मं कसणाऱ्याचं. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. त्याआधीपासूनच कुटुंबं शहरांकडे निघाली होती. हजारो घरं ओस पडली. पुढे बाहेरच्या लोकांनी ती विकत घेऊन दुरुस्त केली. फ्रान्सिस मेझ या अमेरिकन लेखिकेने १९९० मध्ये कोर्तोना गावाजवळ असंच एक घर घेतलं. त्या दुरुस्तीवरचं तिचं पुस्तक १९९६ मध्ये निघालं, त्यावर सिनेमाही आला.

दक्षिणेला सिसिली बेटावर सांबुका नावाचं गाव आहे. सिसिलीवर नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत मुस्लिमांची सत्ता होती आणि हे गाव अरबांनीच वसवलेलं. त्याच्या अरुंद गल्ल्यांचा जुना मोहल्ला आजही त्यांच्या आठवणीने ओळखला जातो. २०१९ मध्ये या गावाने १६ पडकी घरं एक युरोपासून बोली लावून विकायला काढली. अट अशी की घेणाऱ्याने पाच हजार युरो अनामत ठेवायची आणि तीन वर्षांत किमान १५ हजार युरो खर्चून घर उभं करायचं. जगभरातून लोक धावले. पण इटलीतल्या कितीतरी गावांना हेही जमत नाही, कारण एकेका घराचे वारस अमेरिका-अर्जेंटिनापर्यंत पांगलेले असतात, कुणाचा पत्ता नसतो, कुणाची सही मिळत नाही. घर फुकट द्यायचं म्हटलं तरी देणारा सापडत नाही! भाईजानना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण इटलीच्याच वाटेवर होतो."

आम्ही सर्वांची नावं लिहून तालुक्याच्या गावी एका मुफ्तीसाहेबांना दाखवली. त्यांनी हिस्से तपासून दिले. मग भाईजान आणि मी मलकापूरला गेलो. फूफीसमोर वही ठेवली. त्यांना वाचता येत नाही. बोटाने ओळी चाचपत त्यांनी विचारलं, "मेरा भी नाम लिखी क्या बेटा?"

भाईजान उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे धुतलेले दिसत होते.

बहिणीने हिस्सा मागितला नाही म्हणजे तिने तो सोडला, असं आपण सोयीने धरतो. तिच्या मनात काय असतं ते आपण विचारत नाही. तिला वाटतं, मागितला तर मायका तुटेल. आजारपणात, भांडणात, वैधव्यात जिथे जायचं ते दार बंद होईल. म्हणून ती गप्प बसते आणि तिच्या गप्प बसण्याला आपण तिची खुशी म्हणतो. सूरह निसामध्ये हे हिस्से अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहेत, ते भावाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावणाऱ्यालाही आखिरतमध्ये काय भोगावं लागेल, हे हदीसमध्ये आपण किती वेळा ऐकतो. ऐकताना आपल्याला शेताच्या बांधावरचा शेजारी आठवतो, बहीण आठवत नाही.

हे लिहिताना मी फार शहाणी होते असं समजू नका. अब्बांच्या १६ भागांत अम्मी, भाईजान आणि मी असे तीन वारस. फूफींचा हक देऊ म्हणून मी हिरिरीने बोलत होते आणि माझ्यापुरतं हक्कसोडपत्र करून द्यायला तयार होते. भाईजानने सांभाळलं आहे सारं, माझी नोकरी आहे, मला काय कमी? फूफींनीच अडवलं. "तू छोड़ेगी तो तेरी बेटी भी छोड़ेगी. फिर उसकी बेटी." मी कागद परत पिशवीत ठेवला.

लहान फूफींना पैसे नको होते. त्यांनी उगवतीकडची खोली मागितली. मोठ्या फूफींच्या मुलांनी पैसे घेणं पसंत केलं. रक्कम गावातल्या दराप्रमाणे ठरली, हप्ते ठरले. चाचांच्या मुलांनी हिस्सा राखला आणि दुरुस्तीचा वाटा उचलला. सगळं वाटणीपत्र नोंदणी करून घेतलं, कारण तोंडी शब्द पुढच्या पिढीपर्यंत टिकत नाही. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर त्या पत्रकावर कोणाची नावं चढतात, ते वेळीच पाहा. एकट्या थोरल्या भावाचं नाव चढलं की पुढे तेच खरं मानलं जातं.

आता मिस्त्रींना उत्तर देता आलं. काम सुरू झालं.

पहिला धडा वजनाचा. दरवर्षी नवी खारी पडत गेली, जुनी कोणी काढली नाही. आमच्या छतावर मातीचा थर दीड फुटावर गेला होता. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर फक्त एक फूट माती धरली तरी शंभर घनफूट होते. तिचं वजन सुमारे साडेचार टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बरीचशी अशाच जड माळवदांखाली आणि दगडी भिंतींखाली. तिथल्या भिंतींची आतली आणि बाहेरची तोंडं वेगळी रचलेली होती, मध्ये भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे लांब दगड नव्हते. हादरा बसताच भिंती फुगून फाटल्या आणि वरची माती खाली आली. जुनं घर प्रिय असेल तर ही गोष्ट आधी ऐकायला हवी. आम्ही माती थेट किलचांपर्यंत उतरवली, जाड प्लास्टिक अंथरलं आणि वर चाळलेल्या मातीचा जेमतेम अर्ध्या फुटाचा थर उताराने दिला. जोत्याच्या फुगलेल्या भागात आरपार दगड बसवले.

दुसरा धडा लाकडाचा. सागाच्या तुळईचं मधलं अंग सहसा शाबूत असतं. भिंतीत गेलेली टोकं ओल धरतात, आधी तीच कुजतात आणि तिथूनच वाळवी शिरते. मिस्त्रींनी प्रत्येक टोकाला सळई टोचून पाहिली. जिथे ती लोण्यासारखी आत गेली, तिथे खूण केली. नऊपैकी दोन तुळया बदलल्या. त्यासाठी जुन्या लाकडाच्या वखारीत गेलो. तिथे सागाच्या तुळया, कोरीव खांब, दाराच्या चौकटी रचून ठेवलेल्या. सगळं कुणाच्या ना कुणाच्या पाडलेल्या घराचं. एका चौकटीवर नवरीच्या हातच्या मेंदीचे जुने ठसे होते. मी ती चौकट घेऊ शकले नाही. तुळया मात्र घेतल्या, दोनदा जवसाचं तेल पाजलं.

तिसरा धडा आमच्याच चुकीचा. काही वर्षांपूर्वी दर्शनी भिंत 'पक्की' दिसावी म्हणून अब्बांनी तिला सिमेंटचा गिलावा करवून घेतला होता. बाहेरून टणक. फोडला तेव्हा आतली माती ओल्या राखेसारखी हातात आली. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि वाऱ्याला सोडून देते. सिमेंटने तिचा श्वास कोंडला, ओल आत साठली आणि भिंत आतून संपत गेली. आम्ही तो सगळा गिलावा काढला. पांढरीची माती चाळून, गव्हाचं कुटार घालून आठवडाभर भिजत ठेवली, पायाने मळली. काळी माती इथे चालत नाही, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. या गिलाव्यावर चुन्याचे पातळ तीन हात दिले.

चुना ही मोठी अजब चीज आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो आणि विरतो. भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. सातवी-आठवीच्या मुलांना हे समीकरण मी फळ्यावर किती वेळा लिहिलेलं पाहिलं, भिंतीवर यंदा पहिल्यांदा पाहिलं. मात्र घरी चुना विरवताना मुलांना दूर ठेवा. उडालेला थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

दगड-चुन्याचं काम किती टिकतं याचा पुरावा शोधायला आपल्याला इटलीला जायची गरज नाही. मोताळा तालुक्यात रोहिणखेडला खुदावंदखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली मशीद आहे. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे, जिजाऊंचं जन्मस्थान. औरंगाबादला गेलात तर बीबी का मकबरा पाहताना घुमटाच्या संगमरवराखालचं चुन्याचं नक्षीकाम जवळून पाहा. शाळेच्या सहली या ठिकाणी जातात, फोटो काढून परत येतात. भिंतीला हात लावून कशाची आहे, असं विचारणारं मूल मला क्वचित भेटतं.

राहिली सजावट. भाभींना छताला पीओपी आणि भिंतीला टाइल्स हव्या होत्या, नव्या घरांत सगळीकडे दिसतात तशा. मला देवडीला मोठं फाटक हवं होतं. दोन्ही राहिलं. मोठ्या फूफींच्या मुलांचे हप्ते त्या पैशांतून गेले. आधी मला वाईट वाटलं. नंतर वाटलं, इसराफपासून अल्लाहने अशी सुटका केली. मग होतं तेच झाडून-पुसून लावलं. चुन्यात थोडी नीळ घालून ताकांच्या आतली बाजू निळसर केली. दादींची तांब्याची भांडी कलई करून घेतली. शहाबादी फरशी उखडली नाही, घासून धुतली. न्हाणी आणि संडास मात्र जुन्या भिंतींपासून वेगळे, अंगणाच्या कोपऱ्यात बांधले, म्हणजे पाण्याची ओल मातीला लागायला नको. वुजूसाठी निंबाखाली एक दगडी बैठक केली. भाभी आता पाहुण्यांना ताक दाखवतात.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. पश्चिमेच्या खोलीत एका जागी गळलं. मी घाबरून मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "माती बसू द्या मॅडम, पैल्या पावसात बसते. मंग एक हात देऊ." उगवतीच्या खोलीत लहान फूफी होत्या. त्यांनी त्यांच्या लग्नाआधीचा ताक ओळखला होता आणि तिथे आपला चष्मा, तस्बीह आणि औषधाची पुडी ठेवली होती. खोलीची किल्ली त्या पदराला बांधून फिरत होत्या. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "इधर ला, मेरे घर में बैठके खाऊंगी."

मोठ्या फूफींच्या मुलांचे दोन हप्ते अजून बाकी आहेत. दुआ करा, वेळेवर फिटावेत.

या दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीही गावी जाल. बंद घराचं कुलूप उघडाल तेव्हा एक सळई घेऊन तुळयांची टोकं टोचून पाहा आणि छतावर माती किती साठली ते मोजा. पण त्याच्याही आधी एक वही घ्या आणि घर ज्यांचं आहे त्या सर्वांची नावं लिहा. फूफींची, खालांची, बहिणींची आणि स्वतःचं. कुणाचं नाव लिहिताना हात थबकला, तर पहिली दुरुस्ती तिथून करावी लागेल.